तेरा वर्षांच्या मुलाला लवकर कॉलेजात घालावं का?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर):
मुलगा आठवीत आहे. मामाच्या जुन्या पुस्तकांतून बारावीपर्यंतचं गणित त्यानं संपवलं. आता शाळेत गणिताच्या तासाला नुसता बसून राहतो. नातेवाईक म्हणून राहिले की मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी उरकून टाका. मला धीर होत नाही. कोणी यातून गेलंय का?

उत्तर १:
राष्ट्रीय मुक्त विद्यालयात (एनआयओएस) दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, बारावीला 15. सगळा खटाटोप करून वर्ष-दोन वर्षंच वाचतील, हे धरून चला.

उत्तर २:
ताई, मी गेलेय यातून. शाळेनं दोन वर्ग पुढे घातलं आणि पंधराव्या वर्षी इथेच बी.एस्सी.ला आले. अभ्यास झेपला. डबा कोणासोबत खायचा, ते मात्र वर्षभर कळलं नाही. प्रॅक्टिकलला जोड्या लागल्या की मी उरायची, मग सर मला कुठेतरी तिसरी म्हणून घालायचे. तास सुटले की पोरी फुटाळा तलावावर फिरायला जायच्या आणि माझे बाबा गेटवर उभे असायचे. घरी विचारायचे ते फक्त मार्क. आज कोणाशी बोललीस, हे तीन वर्षांत एकदाही कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात एम.एस्सी.च्या दोन ताया भेटल्या, त्या मला गणितं सोडवायला सोबत बसवायच्या. त्यांच्यामुळे मी टिकले.

म्हणून सांगते, शाळा राहू द्या, फक्त गणित पुढे जाऊ द्या. जवळच्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांना भेटा, आठवड्यातून दोन तास वर्गात मागे बसू देता का विचारा. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा आठवीपासून देता येते, आणि त्या वाटेवर त्याच्यासारखीच मुलं भेटतात. जगप्रसिद्ध गणितज्ञ टेरेन्स ताओ नवव्या वर्षी विद्यापीठात गणिताच्या तासांना बसायचा, पण बाकीचे विषय शाळेतच शिकायचा. पदवी सोळाव्या वर्षी घेतली. आईवडिलांनी घाई केली नाही.

एक विचारू? तुमच्या प्रश्नात मुलाचं म्हणणं कुठेच नाही.

प्रश्नकर्ती:
काल रात्री विचारलं. म्हणाला, "शाळा नाही सोडायची, आमची कबड्डीची टीम आहे. गणिताच्या तासाला फक्त माझं मला करू द्या." सोमवारी वर्गशिक्षिकेला भेटते, मग कॉलेजात. तिथे जाताना त्याची वही नेऊ का?

उत्तर २:
न्या. आणि त्यालाही न्या, तुम्ही बाहेर बसा.