एसटी विकली तर हिशेब कोणाकडे मागायचा?

विश्रामबागकर (सांगली)
काल ‘अजिंक्यतारा’ यांनी येथे लिहिले, की एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला असल्याने ती विकून टाकावी. कर्मचारी कामचुकार आहेत हे 2021 च्या संपाने सिद्धच झाले आहे, असेही त्यांचे म्हणणे. वाचून इतका संताप आला, की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास, हे निर्णय आगारात नव्हे, मंत्रालयात झाले. त्यांची प्रतिपूर्ती सरकारने करायची असते आणि ती रखडली, की पगार, डिझेल व भविष्य निर्वाह निधी यांची ओढाताण सुरू होते. त्याच तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर पुन्हा सरकारच घेते. या तोट्याला वाहक कसा जबाबदार, हे कृपया समजावून सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा)
सवलतींची ढाल पुढे करणे सोपे आहे. 1310 बस भाड्याने घेण्याचा व्यवहार काय आजीबाईंच्या मोफत प्रवासामुळे ठरला होता? तो 2025 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांना थांबवावा लागला. त्याच वर्षी जानेवारीत 14.95 टक्के भाडेवाढ मात्र आमच्या माथी मारण्यात आली. स्वतःचा पैसा गुंतवलेला मालक डिझेलच्या थेंबाचा हिशेब ठेवतो; येथे मालक कोणीच नाही, म्हणून विका म्हणतो.

भांडारपाल (मिरज)
मी एका सरकारी उपक्रमाच्या भांडारात एकतीस वर्षे काढली. त्याचे नाव लिहिणार नाही. वार्षिक मोजणीत चार बेअरिंग कमी भरली, तेव्हा माझ्यावर आरोपपत्र आले आणि दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्याच वर्षी वरिष्ठांनी मागणी नसताना खरेदी केलेले यंत्र आमच्या आवारात ताडपत्रीखाली उभे होते, कारण त्याला लागणारा वीजभार आमच्याकडे मंजूरच नव्हता. खरेदीच्या टिपणीवर सात सह्या होत्या. सात सह्या म्हणजे एकही जबाबदार नाही, हे मी तेथे शिकलो. तेव्हा विश्रामबागकर, सगळा दोष मंत्रालयावर ढकलू नका. कार्यालयातले लोकही काही धुतल्या तांदळासारखे नसतात.

माणदेशी (आटपाडी)
एसटीचे काय घेऊन बसलात! जबाबदारीच विचारायची, तर कृष्णा खोरे विकास महामंडळापासून सुरुवात करा. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने आपल्या राज्याला दिलेले पाणी 31 मे 2000 पूर्वी अडवले पाहिजे, म्हणून 1996 मध्ये ते स्थापन झाले. बाजारातून रोखे काढून पैसा उभारला, त्याला सरकारने हमी दिली आणि एकाच वेळी इतकी कामे सुरू केली, की एकही वेळेत पुरे होईना. व्याज मात्र वेळेवर वाढत होते. टेंभू उपसा योजनेचे पाणी येण्याची वाट पाहत माझ्या वडिलांनी टँकरवर डाळिंब जगवले आणि पाणी आले तेव्हा ते नव्हते.

कऱ्हाडकर
आपल्या वडिलांविषयी आदर आहे; परंतु आमच्या उशाशी असलेले टेंभूचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आपल्याकडे चढवायला वीज लागते आणि तिच्या बिलातील 81 टक्के वाटा सरकार, म्हणजे आम्ही सारे, भरतो. आपण केवळ 19 टक्के भरता आणि तेही थकवता. मग महामंडळ तोट्यात का, हा प्रश्न आपण विचारणे हा विनोदच आहे.

माणदेशी
नदीकाठी जन्म झाला हे आपले कर्तृत्व नव्हे. धरणाखाली ऊस पिकवून आम्हाला काटकसर शिकवू नये! माझी पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापून घेतली जाते. ती थकवायची म्हटले तरी थकवता येत नाही. उंचावर पाणी न्यायचे तर वीज लागणारच, हे आराखडा करणाऱ्यांना पहिल्या दिवशी माहीत होते. तो खर्च पुढे कोण भरणार, हे ठरवल्याशिवाय पंप बसवणाऱ्याचे नाव सांगा, मग माझी थकबाकी काढा.

कऱ्हाडकर
कपात होते हे माहीत नव्हते. आपल्यापुरता शब्द मागे घेतो, सगळ्यांपुरता नाही.

विश्रामबागकर
धागा एसटीचा होता, याची नम्र आठवण करून देतो. पण माणदेशी यांचा शेवटचा प्रश्न एसटीलाही तंतोतंत लागू पडतो. अजिंक्यतारा, एअर इंडिया टाटांनी 18,000 कोटींना घेतली, त्यात 15,300 कोटी हे कर्जाचे होते आणि रोख 2,700 कोटी. उरलेले कर्ज सरकारने वेगळ्या कंपनीत ठेवले. विकल्यावर तोटा तुमच्याकडेच राहतो आणि प्रश्न विचारण्याचा हक्क तेवढा जातो. आज एसटीचे लेखापरीक्षण महालेखापरीक्षक करतात, अहवाल विधिमंडळात येतो आणि सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांना बोलावू शकते.

अजिंक्यतारा
बोलावू शकते, अगदी खरे. असे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात, तोवर आमदारांच्या गाड्या सुरू झालेल्या असतात. तरीही एक मान्य करतो: कामगारांविषयीचे माझे वाक्य सरसकट होते. विक्रीचे मत कायम आहे. भांडारपाल, त्या यंत्राचे पुढे काय झाले?

भांडारपाल
माझ्या निवृत्तीपर्यंत ताडपत्री दोनदा बदलली. दोन्ही वेळा खरेदीच्या कागदावर सही माझीच घेतली.