बेंच ग्राइंडरचा दगड तडकलाय का, हे कसं ओळखायचं?

शेडवाला_यावल
सहा इंची, अर्धा एचपीचा ग्राइंडर आहे, प्लेटवर २८५० आरपीएम. केळीचे कोयते, विळे, कधी वखराची पास, एवढंच काम. जुना एक दगड दोन पावसाळे शेडमध्ये जमिनीवर पडून होता. तडा दिसत नाही. चढवू का? दुसऱ्या बाजूला नवा दगड आणलाय, पण त्याचं छिद्र सव्वा इंच आणि शाफ्ट अर्धा इंच. टेप गुंडाळून बसवला तर?

टर्नर_भुसावळ
टेप नको भाऊ. दगड मध्यावर राहत नाही, मशीन थरथरतं, आणि टेप तापून सरकली की आणखीच. दगडासोबत प्लास्टिकचे बुश (छिद्र लहान करणाऱ्या कड्या) येतात, एकात एक बसणारे. खोक्यात बघा, नाहीतर सुटे मिळतात. बुश दगडाच्या जाडीबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर फ्लँज (दगड बाजूने दाबून धरणारी चकती) दगडाऐवजी बुशवरच आवळली जाते. छिद्र घट्ट असेल तर ठोकून बसवू नका आणि कोरूही नका.

जुन्याचं म्हणाल तर, माठ घेताना वाजवून घेतो ना, तेच. दगड कोरडा हवा, भुसा-धूळ झटकलेली. छिद्रात बोट घालून लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने (लोखंडाने नाही) सपाट बाजूवर हलकं ठोका. जागा म्हणजे घड्याळातले साडेदहा आणि दीड, कडेपासून एक ते दोन इंच आत. मग दगड अर्धा फेरा फिरवून पुन्हा त्याच दोन जागी. चांगला दगड खणखणीत वाजतो. एका जागी जरी बद्द वाजला तरी बाद.

नवा म्हणून त्याला सोडू नका, वाहतुकीत आपटलेला असू शकतो.

शेडवाला_यावल
नवा चारही जागी खणखणीत. जुना तीन जागी बरा, एका जागी बद्द. ओल असेल का?

टूलरूम_धुळे
ओलसर दगड बहुधा सगळीकडेच बसका वाजतो. एकाच जागी बद्द म्हणजे आत तडा असण्याचीच शक्यता जास्त. त्यावर डोकं खपवू नका. २८५० आरपीएमला सहा इंची दगडाची कड ताशी ८० किलोमीटरने फिरते, आणि तुकडा सुटला तर त्याच वेगाने सुटतो. फेकण्याआधी पोत्याखाली घालून हातोडीने फोडा, नाहीतर भंगारातून उचलून कुणीतरी चढवेल.

नवा चढवताना लेबलवरचा कमाल आरपीएम मशीनपेक्षा जास्त आहे ना, ते आधी वाचा. दोन्ही फ्लँज सारख्या मापाच्या, दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, म्हणजे तुमच्यासाठी ५० मिमी. दगडावरचा कागदी गोल सोलू नका, फ्लँजचा दाब तोच सारखा वाटतो. नट बेताचाच आवळा. डाव्या बाजूचा आटा उलटा असतो, विसरून जोर लावला की काम वाढतं.

टेकू, म्हणजे टूल रेस्ट, दगडापासून ३ मिमीच्या आत. वरची जीभ, म्हणजे गार्डच्या तोंडाशी असलेली सरकती पट्टी, ६ मिमीच्या आत. दगड झिजला की दोन्ही पुढे सरकवायचे, मशीन बंद करून. फट वाढली की विळ्याचं वाकडं टोक आत ओढलं जातं, अडकतं आणि दगड फुटतो. गार्ड लावून, बाजूला उभं राहून पहिला एक मिनिट रिकामा फिरवा.

लोहारकाम_चोपडा
दोन गोष्टी राहिल्या. कोयता थंड करायला पाणी दगडावर ओतू नका. थांबलेल्या दगडात ते खाली उतरतं, एक बाजू जड होते, आणि चालू केला की हादरे. कोयताच डब्यात बुडवा. ॲल्युमिनियम तर लावूच नका. दगडाची छिद्रं बुजतात, दगड घासायचं सोडून तापतो. थोडा चकाकायला लागला की ड्रेसर (दगडाचा बुजलेला थर काढायचं अवजार) फिरवा.

दगडाच्या सपाट बाजूवर पातं दाबू नका, त्या दगडाच्या कडेवरच घासायचं. चष्मा हवाच.

शेडवाला_यावल
हातमोजे?

टर्नर_भुसावळ
नाही. मोजा दगडात ओढला गेला की बोट त्याच्यासोबत जातं. गळ्यातला बागायती रुमालही काढून ठेवा.