द डार्क नाइट: जोकर नक्की हरला कुठे?
शेवटी बॅटमॅनच जिंकतो, असं बरेच जण म्हणतात; मला ते काही पटलं नाही. २००८च्या या सिनेमात खलनायक जोकरचा डाव उधळतो तो फेरीबोटींवर, आणि तिथे बॅटमॅन नसतोच! दोन बोटींवर बॉम्ब, आणि प्रत्येकीवर दुसरी उडवायचा रिमोट. एका बोटीवरचा धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून रिमोट मागून घेतो आणि सरळ खिडकीबाहेर भिरकावतो. बास. त्याला साधं नावही दिलेलं नाही.

शहराचा सरकारी वकील हार्वे डेंट याच्या बाबतीत मात्र जोकरने बाजी मारलीच. डेंट आणि त्याची प्रेयसी रेचेल यांना कोंडलेल्या जागांचे पत्ते बॅटमॅनला उलटे सांगितले, रेचेल गेली, डेंट बिथरून खून करत सुटला. त्याच्या खुनांचं खापर बॅटमॅनने स्वतःच्या माथी घेतलं, म्हणजे शहर सावरायला थापच लागली ना? २०१२च्या भागात खलनायक बेन तुरुंगासमोर पोलीस आयुक्त गॉर्डनचा याबद्दलचा कबुलीजबाब वाचतो, तेव्हा ती थाप उघडी पडतेच.