गावातल्या जुन्या, विसरलेल्या कबरस्तानात कधी गेलायत का? अनुभव लिहा

माझं सगळं लहानपण शिरूरला गेलं, पण तिथल्या जुन्या इंग्रज कबरस्तानात मी पहिल्यांदा गेलो वयाच्या ४१व्या वर्षी, यंदा दिवाळीला घरी आलो होतो तेव्हा. लहानपणी तिकडे फिरकायचं नाही अशी घरची सक्त ताकीद होती. आत घाणेरी कमरेएवढी वाढलेली, बऱ्याच कबरींवरचे लेखाचे दगड गायब, नुसता विटांचा सांगाडा उरलाय. शिरूरला एकेकाळी इंग्रजांची मोठी छावणी होती. त्या काळातले कर्नल वॉलेस १८०९ साली वारले आणि गावातल्या लोकांनी त्यांना सत्पुरुष मानलं, सुगीचं पहिलं धान्य त्यांच्या समाधीला नैवेद्य म्हणून न्यायचे, जुन्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये (इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) हे छापलेलंय. घरी येऊन आजीला विचारलं तर म्हणाली, माझ्या सासूबाई न्यायच्या की, आम्ही बंद केलं. म्हणजे माझ्याच घरातली गोष्ट आणि मला ४१ वर्षं पत्ता नाही. कोपऱ्यात एक अगदी लहान दगड आहे, अक्षरं पार झिजलीत, तो काही डोक्यातून जात नाही.

तुमच्या गावात असं काही असेल तर लिहा. नुसती माहिती नको, स्वतः गेलात तेव्हा काय बघितलं ते सांगा.

* * *

मी रत्नागिरीची. कबरस्तान नाही म्हणता येणार, पण आमच्याकडे थिबा राजाची समाधी आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ला राज्य गेलं, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ला इथेच गेला. थिबा पॅलेस बघायला सगळे जातात, समाधीकडे कोणी वळत नाही. शेजारीच धाकट्या राणीची पण आहे. आम्ही लहान असताना पोरं तिथल्या कठड्यावर बसून पतंगाचा मांजा सोडवायची, कोणाची जागा आहे हे माहितीच नव्हतं. २०१२ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन दर्शनाला आले तेव्हा गावात चर्चा झाली. मी दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. ते बराच वेळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ३० वर्षं समुद्राकडे बघत काढली गं यांनी.

* * *

ताई, छान लिहिलंत. मी अलिबागचा. नवगावला बेने इस्रायल लोकांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, फार जुनं कबरस्तान आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून तिथे किनाऱ्याला लागले, वाचले ते सात पुरुष आणि सात बायका, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं असं ते मानतात. आपल्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणायचे कारण धंदा तेल गाळायचा आणि शनिवार त्यांचा धर्माने विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, केहीमकर, सगळी आपल्याच गावांची. आमच्या आजीची मैत्रीण इस्रायल आळीत राहायची, ते कुटुंब इस्रायलला गेलं आणि पत्रं पण हळूहळू थांबली. गेल्या वर्षी आईला घेऊन नवगावला गेलो. एका कबरीवर वर हिब्रू आणि खाली स्वच्छ मराठी, अगदी आपल्या घरात बोलतात तसं. दगडावर कोणीतरी छोटे छोटे खडे ठेवले होते, आई कचरा समजून उचलायला लागली, मी तिला थांबवलं, म्हटलं ज्यू लोक येऊन गेल्याची खूण म्हणून असे खडे ठेवतात. आईने उचललेला खडा परत ठेवला, मग वाळूतून स्वतःचा एक शोधून आणला आणि मैत्रिणीच्या नावाने तो पण ठेवला.

* * *

वसई. किल्ल्यातल्या सेंट अँथनी चर्चची फरशीच पोर्तुगीजांच्या थडग्यांची आहे, चालाल तिथे पायाखाली नाव. १७३९ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला त्याच्या आधीची माणसं ही. परवा त्यावर प्री-वेडिंग शूट चालू होतं, ट्रायपॉड बरोबर कोरलेल्या मानचिन्हावर. मी त्या मुलांना खाली काय लिहिलंय ते दाखवलं, ती लगेच बाजूला झाली. वाईट हेतू नसतो हो, कोणी सांगितलेलंच नसतं.

* * *

एक कळकळीची विनंती, साफ करायच्या उत्साहात आम्ही केलं ते करू नका. आमच्या गावी कॅम्पच्या जुन्या कबरस्तानात आम्ही पाच मित्रांनी रविवारी जाऊन तारेचा ब्रश आणि ॲसिड मारलं. ११ महिन्यांच्या बाळाची कबर होती, त्या काळी कॉलरा आणि तापाने छावणीतली लहान मुलं फार जायची. दगड पांढराशुभ्र झाला आणि बाळाचं नावच गेलं. शंभरपेक्षा जास्त वर्षं पावसात टिकलेलं नाव आम्ही अर्ध्या तासात पुसलं, मला अजून त्रास होतो. फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश वापरा, आणि दगड भुगा होत असेल तर तेही नको. वाचायचं असेल तर आरसा न्या, बाजूने तिरपं ऊन दगडावर पाडा, झिजलेली अक्षरं सावलीने वर येतात. आणि आधी फोटो काढा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या काळच्या दफनाच्या नोंदी आहेत, नाव आणि साल लागलं तर पुढचा माग काढता येतो.

* * *

धागा काढणारा मीच परत. दादा, तुमचं वाचून काल सकाळी सातला बायकोचा आरसा घेऊन गेलो, दगडाला हात लावला नाही. ती ऊन पाडत होती आणि मी वहीत उतरवत होतो. साल १८२३ आहे. नावाची पहिली तीन अक्षरं लागली, एम, ए, आर. पुढचं दुपारच्या उन्हात दुसऱ्या बाजूने दिसेल असं वाटतंय, आज परत जातोय, आजी पण येते म्हणाली.