लेक पॉवेलवर हाऊसबोट : म्हातारी माणसं आणि लहान पोरं घेऊन जमेल का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगा-सून फिनिक्सला असतात. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं आणि सांगलीचे व्याही-विहीणबाई असे चौघं तिकडे जातोय. सुनेच्या मनात आहे की सगळ्यांनी मिळून लेक पॉवेलवर हाऊसबोट घ्यायची आणि आठवडाभर पाण्यावरच राहायचं. तिने फोटो दाखवले. लालभडक डोंगर, झाड म्हणून औषधाला नाही, आणि मधे निळंशार पाणी. वाळवंटात एवढं पाणी आणलं कुठून, हा आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न.

माझा प्रश्न वेगळा आहे. हाऊसबोट म्हणजे आम्हाला केरळातली ठाऊक. बोट चालवायला माणूस, रांधायला माणूस, आपण वेताच्या खुर्चीत बसून नारळाची झाडं मोजायची. इथे म्हणे कोणीच नसतं. बोट आमचा चिरंजीव चालवणार! राजारामपुरीत गाडी रिव्हर्स घेताना ज्याला मी खाली उतरून हात दाखवत होते, तो साठ फुटी बोट चालवणार.

शिवाय ह्यांचा गुडघा, माझं बीपी, नातवंडं पाच आणि अकरा वर्षांची. विहीणबाई तर पाण्याचं नाव काढलं तरी गप्प होतात. 2019 ला त्यांच्या घरात कृष्णा शिरली होती, त्यांना मी काय समजावणार? संडास-बाथरूम, स्वयंपाक, डॉक्टर, सगळंच विचारायचंय. सुनेचा हिरमोड करायचा नाही, पण डोळे झाकून हो पण म्हणायचं नाही. कोणी जाऊन आलंय का?

कागलचा_गडी

काकू, बिनधास्त जावा. पांढऱ्या रश्श्याला पातेलं मोठं न्या, एवढाच आपला सल्ला. बाकी उद्यमनगरी भाऊ जाऊन आलेत, त्यांना हाक मारतो. ओ भाऊ!

उद्यमनगरी

हाक पोचली. मेव्हणा युटात असतो, त्याच्या आणि आमच्या कुटुंबाने मिळून बोट घेतली होती. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, बरोबर होत्या. त्यामुळे तुमची काळजी कळते.

आधी काकांच्या प्रश्नाचं उत्तर. ते पाणी कोलोरॅडो नदीचं. ॲरिझोनात पेज गावाजवळ ग्लेन कॅन्यन धरण आहे, 710 फूट उंच. 1963 मध्ये पाणी अडवायला सुरुवात केली आणि तलाव पहिल्यांदा पूर्ण भरायला 1980 उजाडलं. पेज गाव पण धरणावरच्या कामगारांसाठीच 1957 मध्ये वसवलेलं. भरल्यावर तलाव लांबीला 186 मैल, म्हणजे तीनशे किलोमीटर. रुंदी मात्र फार नाही, कारण मुळात ती दरी आहे आणि तिला दोन्ही अंगांनी नव्वदच्या वर फाटे आहेत. त्या फाट्यांत शिरून राहायचं, ही खरी मजा.

आपण पावसाळ्यात सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, 39 फूट झाली का, 43 झाली का, तशी तिथली माणसं लेकची पातळी बघतात. पूर्ण भरला की 3,700 फूट, समुद्रसपाटीपासून. 2023 च्या सुरुवातीला 3,520 च्या आसपास उतरला होता, भरल्यापासून तोवरचा सगळ्यात कमी. त्याच वर्षी बर्फ भरपूर वितळलं आणि पाणी साठ फुटांच्या वर चढलं. तिथे पाणी पावसाने वाढत नाही, रॉकी पर्वतातल्या बर्फाने वाढतं, मे ते जुलै. या आकड्यावर सगळं अवलंबून असतं : कुठला रॅम्प (बोट पाण्यात उतरवायचा उतार) चालू, कुठल्या फाट्यात बोट शिरते, कॅसल रॉकजवळचा शॉर्टकट पाण्याखाली आहे की कोरडा. तो कोरडा असला की वाहवीपहून (पेजजवळचा मरीना, म्हणजे बोटींचा धक्का) वर जायला मोठा वळसा पडतो. तेव्हा बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळा मुलाला नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साईटवर पातळी आणि रॅम्पची स्थिती बघायला सांगा. जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. त्यात दिसणारी बेटं आता टेकड्या असतील.

बोट चालवायचं म्हणाल तर चिरंजीवाला जमेल. सरळ पाण्यात ती ताशी बारा-तेरा किलोमीटरने चालते, घाई करून काही होत नाही. निघायच्या आधी मरीनावाले सगळं दाखवतात. अवघड दोनच जागा. एक, मरीनातून बाहेर काढणं आणि परत आत घेणं. पैसे देऊन हे काम करणारा माणूस मिळतो का ते बुकिंगलाच विचारा. दुसरी जागा म्हणजे संध्याकाळी किनाऱ्याला लावणं, आणि ते तुमचं तुम्हालाच करायचंय.

हे नीट सांगतो, कारण कोणी सांगत नाही. रात्री बोट पाण्यात तरंगत ठेवत नाहीत. वाळूचा उतार बघून तिचं नाक हळूच वाळूवर चढवायचं. मग मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोर काढून, तिरके बाहेरच्या बाजूला नेऊन, नांगर वाळूत पुरायचे. पुरायचे म्हणजे टाकायचे नव्हेत. मांडीएवढा खड्डा खणायचा, नांगराचा फाळ बोटीकडे तोंड करून बसवायचा आणि वरून वाळू लोटून पायाने दाबायची. चांगली कोरडी वाळू वरून दिसते, पण हातभर खाली खडक लागला की जागा बदला, तिथे नांगर धरत नाही. आमच्या पहिल्याच मुक्कामी दुपारी चारला वारा सुटला. तोवर पाणी आरशासारखं. दहा मिनिटांत दोर असा ताणला की त्यातलं पाणी तुषार उडवत पिळून निघालं, आणि बोटीची शेपूट दगडाकडे सरकायला लागली. मेव्हणा इंजिन चालू करून बोट वाळूला रेटून धरून उभा, मी आणि भाचा दुसरा खड्डा खणतोय. तेव्हा नांगर दुपारी तीनच्या आत पुरून मोकळं व्हा, आणि झोपायच्या आधी व सकाळी उठल्यावर दोर हाताने ओढून बघा. पाणी रोज थोडं वर-खाली होतं, दोर ढिला पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हाऊसबोटीवर एसीसाठी, फ्रिजसाठी जनरेटर असतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड. मी बीड वितळवायच्या क्युपोला भट्टीवर आयुष्य काढलंय, या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस नुसता पेंगतो आणि जातो. लेक पॉवेलवर बोटीच्या मागच्या फळीजवळ पोहताना माणसं अशी दगावली आहेत, लहान मुलंसुद्धा. 2000 सालच्या सुमारास सरकारी तपासण्या झाल्या, आणि मग जनरेटरचा धूर मागे पाण्यालगत सोडण्याऐवजी छपराच्या वर उंच नळीने सोडायची सुधारणा आली. बोट घेताना विचारा : धूर कुठून बाहेर पडतो? आतले अलार्म चालू आहेत का? बटण दाबून दाखवायला लावा. आणि घरचा नियम करा, इंजिन आणि जनरेटर दोन्ही बंद असल्याशिवाय मागच्या बाजूने कोणी पाण्यात उतरायचं नाही. घसरगुंडी असेल तर नातवंडं ऐकणार नाहीत, तेव्हा किल्ली काकांच्या खिशात ठेवा.

लाईफ जॅकेट बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना बोट चालू असताना सक्तीचं आहे. थोरल्याला सांगा, कड्यावरून उड्या मारायच्या नाहीत. तिथे 15 फूट किंवा त्याहून उंचावरून उडी मारायला कायद्याने बंदी आहे. आपल्या पंचगंगेच्या पुलावरची पोरं तिथे पहिल्याच दिवशी दंड भरतील.

संडास बोटीतच, त्याची टाकी मरीनात रिकामी करून मिळते. टाकी भरत आली की काटा दाखवतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा, एवढंच बोलतो. किनाऱ्यावर कुठेही बसायचं नाही, बोटीवरचाच वापरायचा, नियम कडक आहे. पिण्याचं पाणी बाटल्या-कॅन भरून घ्या. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जा.

दवाखाना पेजला आहे. दऱ्यांच्या आत मोबाईल लागत नाही, बोटीवर रेडिओ असतो, चॅनल 16 वर मदत मागायची. म्हणून माझं ठाम मत : पहिल्या खेपेला मरीनापासून दोन-तीन तासांच्या आत एखादा चांगला फाटा बघा आणि तिथेच तळ ठोका. तलाव पालथा घालायच्या भानगडीत पडू नका. मधला डँगलिंग रोपचा पेट्रोल पंप 2021 मध्ये बंद पडला, आणि ही बोट पेट्रोल पिते म्हणजे पितेच. बरोबर एक छोटी मोटारबोट भाड्याने घ्या. फिरायचं तिच्यातून, अडीअडचणीला पेजला पळायचं तेही तिच्यातून.

मूळची_गारगोटीची

मी मेसाला राहते, फिनिक्सच्या शेजारीच. भाऊंनी यंत्रांचं सांगितलंय, मी पोटाचं सांगते.

स्वयंपाकघर छान असतं, गॅस, ओव्हन, मोठा फ्रिज. पण फोडणी जपून! कांदा-लसूण मसाला तेलात पडला की धुराचा अलार्म कोकलतो, आणि भाऊ म्हणतात तसे अलार्म बंद करून ठेवायचे नाहीत. म्हणून फोडणीची कामं आम्ही पुढच्या डेकवरच्या ग्रिलच्या शेगडीवर करतो. मसाला कोल्हापूरहून आणा, कोरडी पूड चालते, विमानतळावर विचारलं की सांगून टाका. मटणाचं, सुक्या मासळीचं काही आणू नका. मटण फिनिक्सलाच घेऊन घट्ट गोठवून न्या. पेजला किराणा सगळा मिळतो. तिथल्या नवाहो आदिवासी लोकांत मेंढीच्या मटणाला फार मान आहे हे कळल्यावर माझे सासरे एकदम त्या मुलखाच्या प्रेमात पडले. भांडी घासायला पाणी बेतानेच वापरायचं, कागदी ताटल्या न्या आणि कचरा सगळा परत आणा.

घड्याळाचा घोळ लक्षात ठेवा. ॲरिझोनात उन्हाळ्यात वेळ बदलत नाहीत, युटात बदलतात, आणि तलावाचा बहुतेक भाग युटात आहे. नवाहो हद्दीतही युटासारखीच वेळ. फोन कधी हा टॉवर पकडतो, कधी तो. बोट परत द्यायची वेळ कुठल्या घड्याळाने, ते लिहून घ्या. मनगटावर साधं घड्याळ बांधा.

जुलैच्या मध्यापासून तिकडेही पावसाळी वादळं येतात, वळवासारखी, आणि अरुंद फाट्यात लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. वसंतात वारा फार. जूनचा पूर्वार्ध मला सगळ्यात बरा वाटतो : पाणी पोहण्याइतपत कोमट, आभाळ निरभ्र, ऊन मात्र कडक. रात्री खडक तापलेलेच असतात, आत झोपवत नाही. गाद्या छपरावर टाकतो. आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते की पोरं झोपतच नाहीत.

रेनबो ब्रिज चुकवू नका. 290 फूट उंच नैसर्गिक कमान, 1910 पासून राष्ट्रीय स्मारक. आसपासच्या आदिवासी जमातींना ती पवित्र, म्हणून कमानीखालून जाऊ नये अशी विनंती असते. वाहवीपहून पाण्याने सुमारे 50 मैल, तेव्हा छोट्या बोटीनेच जा. धक्क्यापासून पुढे चालावं लागतं आणि पाणी उतरलं की चालणं वाढतं. काकांच्या गुडघ्याचा त्या दिवशी विचार करा.

भोगावती

सगळं खरं, पण एक बाजू राहिली. तो तलाव होण्याआधी तिथे ग्लेन कॅन्यन होती, हजारो वर्षांच्या वस्त्यांच्या खुणा, भित्तिचित्रं, झऱ्याकाठची नेची, सगळं बुडालं. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेच्या डेव्हिड ब्रॉवर यांनी दुसरं एक धरण रोखण्याच्या तडजोडीत या धरणाला विरोध सोडला आणि पुढे आयुष्यभर हळहळले. धरणग्रस्तांच्या जिल्ह्यातल्या आपल्यासारख्यांनी एवढं तरी ठाऊक ठेवून पोहावं.

उद्यमनगरी

मान्य. पाणी उतरलं तेव्हा कॅथीड्रल इन द डेझर्टसारख्या बुडालेल्या जागा परत वर आल्या, ते बघायलाही लोक जातात. खडकांवर पांढरा पट्टा दिसेल, क्षारांचा. पाणी कुठवर होतं त्याची ती खूण. काकू, तो बघितल्यावर काकांचा प्रश्न पुन्हा येईल, आणि या खेपेला उलटा : पाणी गेलं कुठे?

रंकाळाकाठ

मंडळी, किती लिहिलंत! ह्यांना वाचून दाखवलं. नांगराच्या खड्ड्याशी आल्यावर म्हणाले, फावडं मी धरतो, गुडघ्याचा आणि खणण्याचा काय संबंध. व्याह्यांनाही मजकूर पाठवला. विहीणबाईंचं ठरलंय : त्या पेजला हॉटेलात राहणार, सोबतीला व्याही. आम्ही छोट्या बोटीने मधे एकदा येऊन त्यांना दुपारच्या जेवणाला घेऊन जायचं, जमलं तर. सून आधी हिरमुसली, मग म्हणाली, हेच बरं, किनाऱ्यावर आपलं माणूस असेल. आठवड्याच्या ऐवजी तीन रात्री, जूनच्या सुरुवातीला.

एक राहिलं. बोटीत चढायला-उतरायला काय असतं? आणि छपरावर झोपायचं तर जिना कसा?

उद्यमनगरी

पुढून उतरायला अरुंद फळी असते, वाळूवर टेकवायची. ती हलते, काकांना एका बाजूने कोणीतरी धरा. छपराचा जिना उभा आणि पायऱ्या आखूड, पण दोन्हीकडे कठडा असतो. चढणं जमेल, रात्री लघवीला उतरणं त्रासाचं. आमच्या सासूबाई खाली पुढच्या डेकवर झोपायच्या, दार उघडं टाकून. वारा तिथेही येतो. बोट निवडताना खालच्या मजल्यावर एक तरी दाराची खोली असलेली बघा, म्हणजे दुपारी काकांना एसीत आडवं होता येईल. आणि टॉर्च प्रत्येकाच्या गळ्यात.