मदत हवी आहे: घरच्या बिअरसाठी पाणी तापवायला भारतातला रॉड चालेल का?

मंडळी,
मुक्काम न्यू जर्सी, भाड्याचं अपार्टमेंट. बाल्कनीत गॅस पेटवायला मनाई आहे, म्हणून सगळा कारभार विजेवर. (कायद्याचं विचारणाऱ्यांसाठी: १९७८ च्या दुरुस्तीनंतर इथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत घरची बिअर करमुक्त आहे. नाशिकला हे उद्योग करू नका.)

आतापर्यंत शेगडीच्या मोठ्या कॉइलवर करत होतो. २५ लिटरच्या पातेल्याला उकळी येते, पण कशीबशी. कडेला बुडबुडे, मध्ये शांतता. मागच्या पिल्सनरला उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास आला. बायको म्हणाली, "चाट मसाला टाकून बघ."

म्हणून गेल्या खेपेला घरून येताना पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड आणला. तिकडे आंघोळीची बादली वीस मिनिटांत कढत करायचा. इथे अडॅप्टर लावून पातेल्यात सोडला, तर साडेतीन तासांनी थर्मामीटर ५१ वर! मला मॅशसाठी, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) गरम पाण्यात मुरवायला, ६७ अंश हवेत. रॉड बिघडला का? की स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेऊ?

तारतंत्र:
रॉड ठणठणीत आहे, घोळ व्होल्टेजचा आहे. तो २३० व्होल्टसाठी बनवलाय आणि तुमच्याकडे १२०. व्होल्टेज निम्म्यावर आलं की वॅट निम्मे होत नाहीत, जवळजवळ पाव होतात. १५०० चे राहिले साधारण ४०८. त्यातले निम्मेअधिक उघड्या पातेल्यातून वाफेवाटे जाणार.

ट्रान्सफॉर्मरच्या फंदात पडू नका. पूर्ण १५०० वॅट काढायला भिंतीतून साडेबारा अँपिअर ओढावे लागतील, शिवाय ट्रान्सफॉर्मर स्वतः खाईल ते वेगळं. तुमचा ब्रेकर १५ चा असेल आणि त्याच लाइनवर फ्रिज असेल, तर अंधारात मॅश कराल.

आणि तुमच्या अडॅप्टरला तिसरी, अर्थिंगची पिन आहे का? नसेल तर रॉड आजच कपाटात. पाण्यात बुडणारी कुठलीही वस्तू जीएफसीआय (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या) सॉकेटवरच लावायची, तेही रॉड पाण्यात गेल्यावर. आणि स्विच चालू असताना बोट घालून "तापलं का" बघायचं नाही. आपल्याकडे ही खोड घरोघरी आहे.

यवाग्रज:
वरच्यांशी सहमत. एक भर: रॉडने पाणी तापवा हवं तर, पण माल्टचा गोड रस, म्हणजे वर्ट, त्याने उकळू नका. एवढ्याशा नळीवर एवढी आच, साखर तिथेच करपते. मी केलंय. बिअर जळक्या दुधासारखी लागली आणि नळीवरचा काळा थर खरवडायला अख्खा रविवार गेला. वर्टसाठी लो वॉट डेन्सिटीचं एलिमेंट मिळतं, लांब आणि दुमडलेलं, म्हणजे आच जास्त जागेवर पसरते.

मक्याचा वास डीएमएसचा (डायमिथाइल सल्फाइड, माल्टमधून येणारं गंधकाचं संयुग). पिल्सनर माल्टला खळखळून नव्वद मिनिटं उकळी लागते आणि झाकण पूर्ण बंद ठेवायचं नाही, वाफेबरोबर तो वास जायला हवा. मॅशच्या वेळी मात्र झाकण लावा आणि पातेल्याला गोधडी गुंडाळा (शेगडी बंद करून!). माझ्याकडे तासाभरात जेमतेम दोन अंश उतरतात.

सोपा उपाय: १२ लिटरची बॅच करा. तुमची कॉइल तेवढं आरामात उकळेल.

धागाकर्ता:
पाव! आणि मी मेला समजून टाकून देणार होतो. अडॅप्टर बघितला, दोनच पिना. रॉड कपाटात गेला.

१२ लिटर मान्य, पण दिवस तेवढाच जातो आणि बाटल्या निम्म्या. लाँड्रीत ड्रायरचं २४० व्होल्ट, ३० अँपिअरचं सॉकेट आहे. त्यावर ५५०० वॅटचं एलिमेंट म्हणजे २३ अँपिअर, हिशेबात बसतं. भाड्याच्या घरात कुणी केलंय का? घरमालकाला काय सांगितलंत?