बॅबिलोनचे पुजारी दिवसभर नुसती पूजाच करायचे का?

उगाचविचारतो:
सिरीजमध्ये बॅबिलोनचा पुजारी म्हटलं की गुळगुळीत टक्कल, लांब झगा आणि राजाच्या कानाशी कुजबुज, बास. पण ही माणसं रोज करायची काय, कमवायची कसं, बायकामुलं असायची का देवळातच मुक्काम?

मातीचीपाटी:
टक्कल तेवढं खरंय. देवासमोर जायचं तर आधी मुंडण, अंगात व्यंग नाही ना ते बघायचे, बॅबिलोनच्या उत्तरेकडच्या सिप्पर शहरात तर आईवडिलांच्या लग्नाचीपण चौकशी. बाकी घरं गावातच, बायकामुलं, खजुराच्या बागा, कर्ज, सगळं आलं. इ.स.पू. ६०० च्या आसपास बॅबिलोनजवळच्या बोर्सिप्पा शहरात नाबू देवाचं एझिदा मंदिर होतं, तिथे रोट्या भाजणारे, बिअर बनवणारे, खाटीक हेपण पुजारीच धरले जायचे कारण देवाला रोज ताट लागायचं ना. आणि हे काम म्हणजे चक्क वतन, बापाकडून पोराकडे, वर्षातले ठरावीक दिवस तुमचे, त्या दिवसांचं जव-खजूर तुमचं आणि देवाच्या ताटातल्या उरलेल्यातला वाटापण. वारस वाढले की तुकडे पडणार, पुढे ग्रीक राजांच्या काळात दक्षिणेकडच्या उरुक शहरात एका दिवसाचा सहावा भाग विकल्याचे करार आहेत 😄

उगाचविचारतो:
सहावा भाग?? मग घेणारा तेवढ्यापुरता भट्टीपुढे बसायचा की काय

मातीचीपाटी:
छे रे, बरेच जण माणूस नेमायचे, रीतसर लेखी. नैवेद्य चुकला तर निस्तरायचं त्या नेमलेल्याने.

बखरवेडी:
बायकांचं कुणीच काढलं नाही. त्या एझिदावाल्यांच्या हजारेक वर्षं आधी, बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या काळात, सिप्परला शमाश या सूर्यदेवाच्या नादितू होत्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायका, चांगल्या खात्यापित्या घरच्या मुली, देवळाजवळच्या वेगळ्या आवारात राहायच्या. मूल होऊ द्यायचं नाही हा नियम, पण चांदी व्याजाने दे, शेत खंडाने लाव, हे व्यवहार जोरात. म्हातारपणी बघायला कोण? तर तरुण नादितू दत्तक घ्यायची, तिने सांभाळायचं आणि इस्टेट तिला. मला तरी हा हिशेब फार रोखठोक वाटतो.

जुनाखोदकामवाला:
एकाच माणसाचं घर बघायचं असेल तर उर-उतू. सिप्परजवळच, आत्ताचं तेल एद-देर, तिथला मुख्य विलापगायक पुजारी, म्हणजे देवाचा राग शांत व्हावा म्हणून विलापगीतं गाणाऱ्यांचा प्रमुख. इ.स.पू. १६३० च्या सुमारास त्याचं घर जळालं आणि आत जवळपास २००० मातीच्या पाट्या सापडल्या. वाचायला गेलं तर गाणी कमी, जमिनीचे कागद, उधाऱ्या आणि बापाच्या वारशावरून भावांशी चाललेली भांडणंच जास्त.

उगाचविचारतो:
भारी. त्या भांडणात जिंकलं कोण पण?